खडकाच्या द्रावणात फ्लोराइड वारंवार कमी भरते: इलेक्ट्रोड बदलण्याआधी ॲल्युमिनियमचा हिशेब करा

लक्षण असे असते. सकाळी प्रमाणित द्रावणांवर फ्लोराइड इलेक्ट्रोडचा स्लोप तपासला तर तो संहतीच्या दर दशपटीला ५७ ते ५९ मिलिव्होल्ट येतो, म्हणजे उत्तम. विहिरीच्या पाण्याचे नमुने व्यवस्थित मोजले जातात, दुहेरी वाचने जुळतात. मात्र बेसाल्ट, जांभा किंवा बॉक्साइट कॉस्टिकमध्ये (कॉस्टिक सोडा, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड) वितळवून केलेले द्रावण लावले की उत्तर अपेक्षेच्या निम्म्यावर किंवा दोनतृतीयांशावर येते. तोच नमुना दुसऱ्या दिवशी पुन्हा वितळवला तर तिसराच आकडा मिळतो, आणि द्रावण दहापट पातळ करून मोजले तर हिशेबाने निघणारे मूळ प्रमाण वाढलेले दिसते. आमच्या प्रयोगशाळेत हा प्रकार पुन्हा पुन्हा घडला. प्रत्येक वेळी संशय इलेक्ट्रोडवर गेला, स्फटिक घासला गेला, आतले द्रावण बदलले गेले, नवा इलेक्ट्रोड मागवला गेला आणि आकडे तसेच राहिले. याच चक्रात अडकलेल्या सहकाऱ्यांसाठी, कारण कसे सापडले आणि ते कोणत्या क्रमाने शोधावे, हे येथे सविस्तर लिहीत आहे.

सुरुवात इलेक्ट्रोड नेमके काय मोजतो यापासून करावी लागते. फ्रँट आणि रॉस यांनी १९६६ मध्ये मांडलेल्या या इलेक्ट्रोडच्या टोकाला युरोपियम मिसळलेल्या लँथॅनम फ्लोराइडचा एकसंध स्फटिक असतो, आणि त्यातून फक्त फ्लोराइड आयन सरकू शकतात. त्यामुळे द्रावणात मोकळे असलेले फ्लोराइड तेवढेच त्याला कळते. हायड्रोजनशी जोडलेले, ॲल्युमिनियमने किंवा लोहाने धरून ठेवलेले, गाळात चिकटलेले फ्लोराइड त्याच्या दृष्टीने नसतेच. म्हणजे इलेक्ट्रोडने कमी आकडा दाखवला तरी तो बहुतेक वेळा खराच असतो. ते मोकळ्या फ्लोराइडचे खरे प्रमाण असते. आपल्याला एकूण फ्लोराइड हवे असते आणि या दोहोंतले अंतर मिटवण्याचे काम इलेक्ट्रोडचे नाही, बफरचे आहे.

तो बफर म्हणजे प्रयोगशाळेत सगळे ज्याला टायसॅब म्हणतात ते, एकूण आयनबल जुळवणारे द्रावण. नेहमीच्या कृतीत एका लिटरला ५७ मिलिलिटर ग्लेशियल ॲसिटिक आम्ल, ५८ ग्रॅम मीठ आणि ४ ग्रॅम सीडीटीए (धातूंचे आयन घट्ट पकडणारे संयुग) घालून कॉस्टिकने सामू (पीएच) ५.३ ते ५.५ च्या दरम्यान आणतात. नमुना आणि टायसॅब समभाग मिसळले की तीन गोष्टी एकदम साधतात. आयनबल सर्व बीकरांत सारखे होते. सामू अशा पट्ट्यात येतो जिथे फ्लोराइड हायड्रोफ्लोरिक आम्लाच्या रूपात दडत नाही आणि हायड्रॉक्साइडही इलेक्ट्रोडला फसवू शकत नाही. आणि ॲल्युमिनियम, लोह यांना सीडीटीए पकडून फ्लोराइड मोकळे करते. पिण्याच्या पाण्यासाठी ही कृती अतिशय भरवशाची आहे. वितळवलेल्या खडकाच्या द्रावणात मात्र तिची तिसरी बाजू कोलमडू शकते, आणि का कोलमडते हे कागदावर हिशेब मांडल्याशिवाय पटत नाही.

तो हिशेब असा. अर्धा ग्रॅम दख्खनचा बेसाल्ट घ्या. त्यात ॲल्युमिनियम ऑक्साइड साधारण १४ टक्के धरले तर धातू म्हणून ॲल्युमिनियम सुमारे ३७ मिलिग्रॅम भरते. ते सगळे १०० मिलिलिटर द्रावणात राहिले तर लिटरला ३७० मिलिग्रॅम, म्हणजे जवळपास १४ मिलिमोल. समभाग टायसॅब घातल्यावर बीकरात ७ मिलिमोल ॲल्युमिनियम उरते. त्याच बीकरात सीडीटीए किती आहे? लिटरला ४ ग्रॅमचे निम्मे, म्हणजे साडेपाच मिलिमोलच्या आसपास. ॲल्युमिनियमपेक्षा ते कमीच आहे, आणि लोहाचा हिशेब तर अजून धरलेलाच नाही. उलट खडकात फ्लोरिन दशलक्षात ३०० भाग धरले तर बीकरातले फ्लोराइड लिटरला पाऊण मिलिग्रॅम, म्हणजे ०.०४ मिलिमोल. एका फ्लोराइड आयनामागे दीडशेहून अधिक ॲल्युमिनियम आयन उभे असतील तर त्यातले किती मोकळे राहणार? बॉक्साइटच्या बाबतीत हे गणित आणखी बिकट होते.

अर्थात कृती नीट पार पडली तर एवढे ॲल्युमिनियम द्रावणात राहत नाही, आणि आमच्या चुकीचे खरे मूळ तिथेच होते. मॅकक्वेकर आणि गर्नी यांची १९७७ सालची वितळण कृती माती व वनस्पतींसाठी आजही आधार म्हणून वापरली जाते. तीत निकेलच्या मुशीत नमुना आणि तीव्र कॉस्टिक ६०० अंशांपर्यंत तापवून, थंड झालेला लगदा पाण्यात घेऊन, हायड्रोक्लोरिक आम्लाने सामू ८ ते ९ च्या दरम्यान आणतात आणि मग गाळतात. हा पट्टा सहज निवडलेला नाही. ॲल्युमिनियम आम्लातही विरघळते आणि अल्कलीतही. सामू साडेआठच्या आसपास असताना त्याचे बहुतांश हायड्रॉक्साइड साकळते आणि गाळणी कागदावर अडकते. सामू ९ च्या वर गेला की दर अंकाला विरघळलेले ॲल्युमिनियम साधारण दहापट वाढते. साडेदहावर गाळले तर द्रावण डोळ्यांना स्वच्छ दिसते, पण त्यात ॲल्युमिनेट भरलेले असते, आणि टायसॅबमध्ये सामू खाली येताच तेच ॲल्युमिनियम फ्लोराइडला धरते. दुसऱ्या बाजूला आम्ल जास्त पडून सामू ६ किंवा ७ वर आला तर ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा जेलीसारखा पांढरा गाळ फ्लोराइड स्वतःकडे ओढून घेतो, आणि ते फ्लोराइड कागदावरच राहते. पाण्यातले फ्लोराइड काढण्यासाठी सक्रिय ॲल्युमिना वापरतात त्यामागेही हेच ओढणे आहे.

म्हणून एकाच नमुन्याचे तीन दिवसांत तीन आकडे येत होते. आम्ल बुरेटने घालण्याऐवजी अंदाजाने ओतले जात होते, सामू कागदी पट्टीवर पाहिला जात होता आणि ओव्हरशूट झाल्यावर थोडे कॉस्टिक घालून तो परत वर आणला जात होता. हे परत वर आणणे सर्वांत घातक, कारण वहीत सामू ८.५ असा निर्दोष दिसतो, पण गाळाने एकदा धरलेले फ्लोराइड तेवढ्याने पूर्ण सुटेल याची खात्री नसते. आमचा आता पक्का नियम असा आहे की आम्ल मॅग्नेटिक स्टररवर थेंबाथेंबाने, मीटर लावून घालायचे, ९ च्या खाली आल्यावर हात आणखी सैल सोडायचा नाही, आणि साडेसातच्या खाली एकदा जरी गेले तरी तो लगदा टाकून नवी मूस लावायची. अर्धा दिवस जातो हे खरे, पण चुकीचा आकडा अहवालात गेल्यावर जो वेळ जातो तो याहून जास्त असतो.

ॲल्युमिनियमचा दोष आहे की नाही हे ओळखण्याची चाचणी सोपी आहे, फक्त ती मिलिव्होल्टमध्ये वाचू नये. २५ मिलिलिटर गाळलेले द्रावण आणि २५ मिलिलिटर टायसॅब घ्या आणि वाचन कॅलिब्रेशनवरून लिटरमागे मिलिग्रॅममध्ये लिहा. समजा ते ०.४५ आले. आता त्यात लिटरला १०० मिलिग्रॅमचे प्रमाणित द्रावण अर्धा मिलिलिटर घाला, म्हणजे बीकरातले फ्लोराइड जवळजवळ १ मिलिग्रॅमने वाढायला हवे. वाचन १.४५ च्या आसपास गेले तर ॲल्युमिनियमची बाजू ठीक आहे. ते १.०५ वरच थांबले तर घातलेल्या फ्लोराइडपैकी साठ टक्केच मोकळे राहिले, आणि नमुन्यातल्या फ्लोराइडचीही तीच गत झाली असे समजावे. आता मिलिव्होल्ट पाहा. दोन्ही वाचनांतला फरक २१ मिलिव्होल्टच्या आसपास येतो, आणि ॲल्युमिनियम अजिबात नसलेल्या, खरोखर ०.७५ मिलिग्रॅम असलेल्या बीकरातही नेमका तेवढाच फरक आला असता. साठ टक्के हे प्रमाण दोन्ही वाचनांत सारखे असल्यामुळे ते गुणोत्तरातून कटून जाते. नवख्या विश्लेषकाला हा फरक पाहून इलेक्ट्रोड उत्तम चालला असे वाटते, आणि इलेक्ट्रोडपुरते ते खरेही असते.

याच गोष्टीचा उपयोग दुरुस्तीसाठीही होतो. ॲल्युमिनियम फ्लोराइडच्या कितीतरी पट असेल तर बांधले जाणारे प्रमाण जवळपास स्थिर राहते, आणि मग कॅलिब्रेशनवरून थेट न वाचता ज्ञात भर घालून, मिलिव्होल्टच्या फरकावरून मूळ प्रमाण काढले तर ते बरोबर येते. वरच्या उदाहरणात ते ०.७५ येईल. मात्र एक अट आहे. नव्याने घातलेले फ्लोराइड ॲल्युमिनियमशी जोडले जाण्यास वेळ लागतो, त्यामुळे भर घातल्यावर दोन मिनिटांत वाचन घेतले तर भर जास्त मोकळी दिसते आणि उत्तर पुन्हा कमी निघते. वाचन दहा मिनिटांत खाली सरकत असेल तर ते थांबेपर्यंत थांबावे. हाच संथपणा उलट दिशेनेही चालतो. सीडीटीए ॲल्युमिनियम हळूहळू पकडते, म्हणून संशयित बीकर झाकून रात्रभर ठेवावा आणि सकाळी पुन्हा मोजावा. आकडा वर गेला असेल तर निदान पक्के झाले.

कायमचा उपाय म्हणजे बफर बदलणे. ॲल्युमिनियम जास्त असलेल्या नमुन्यांसाठी आम्ही सीडीटीएवर विसंबणे सोडले आणि सोडियम सिट्रेटचे एक मोलर द्रावण, म्हणजे लिटरला २९४ ग्रॅम ट्रायसोडियम सिट्रेट डायहायड्रेट, सामू ६ च्या जवळ आणून वापरू लागलो. सिट्रेटची पकड एकेका रेणूमागे सीडीटीएइतकी घट्ट नसली तरी ते शेकडो मिलिमोल असते, साडेपाच नव्हे, आणि संख्येचे बळ येथे निर्णायक ठरते. मात्र बफर बदलला की प्रमाणित द्रावणेही त्याच बफरात करावी लागतात. ही अट अनेकदा विसरली जाते. तशीच दुसरी अट कॉस्टिकची. मुशीत घातलेल्या ६ मिलिलिटर तीव्र कॉस्टिकचे आम्लाने मीठ होते आणि १०० मिलिलिटर द्रावणात ते जवळपास एक मोलर भरते, म्हणजे नमुन्याचे आयनबल टायसॅबच्या हिशेबापेक्षा बरेच वर असते. नुसत्या पाण्यातल्या प्रमाणित द्रावणांशी त्याची तुलना करणे चूक आहे. नमुन्याशिवाय वितळवलेल्या, तशाच उदासीन केलेल्या कोऱ्या द्रावणात फ्लोराइड घालून कॅलिब्रेशन करावे. त्यामुळे कॉस्टिकमधून येणारे फ्लोराइडही आपोआप लक्षात येते.

एवढे करूनही आकडा कमीच राहिला आणि भर मात्र पूर्ण परत मिळाली, तर दोष गाळण्यापूर्वीच्या टप्प्यात शोधावा. गाळलेल्या द्रावणात घातलेली भर मुशीत काय झाले ते सांगू शकत नाही. खनिज पूर्ण फुटले नसेल, लगदा उसळून झाकणावर उडाला असेल, किंवा घाईने एकदम भट्टीत ठेवल्याने ओले कॉस्टिक बाहेर आले असेल. यासाठी प्रमाणित संदर्भ खडक त्याच तुकडीत वितळवण्याला पर्याय नाही. खडक आम्लात विरघळवून ही अडचण टाळता येईल असे मात्र समजू नये. सिलिका आणि तापलेले आम्ल एकत्र आले की फ्लोरिन सिलिकॉन टेट्राफ्लोराइडच्या रूपाने उडून जाते.

ही गोष्ट खडकापुरती असती तर नुकसान एखाद्या संशोधनलेखाचे झाले असते. पण नागपूरच्या नीरी संस्थेने विकसित केलेल्या नालगोंडा पद्धतीत पाण्यात तुरटी (ॲल्युमिनियमचा क्षार) आणि चुना घालूनच फ्लोराइड खाली आणले जाते, आणि यवतमाळ, चंद्रपूरसारख्या जिल्ह्यांत जिथे भूजलातले फ्लोराइड हा जुना प्रश्न आहे, तिथे तुरटीने शुद्ध केलेले पाणी तपासायला येते तेव्हा त्यात विरघळलेले ॲल्युमिनियम उरलेले असू शकते. अशा पाण्यावर इलेक्ट्रोड घाईने लावला, किंवा झिर्कोनियम रंगाची स्पॅड्न्स पद्धत ऊर्ध्वपातनाशिवाय वापरली, तर फ्लोराइड खऱ्यापेक्षा कमी दिसते. रंगाची पद्धत या बाबतीत इलेक्ट्रोडपेक्षा जास्त नाजूक आहे. भारतीय मानक १०५०० च्या २०१२ च्या आवृत्तीत स्वीकारार्ह मर्यादा लिटरला १.० मिलिग्रॅम आणि पर्यायी स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅम आहे. खरे प्रमाण १.८ असताना आपण १.३ लिहून दिले तर त्या गावातली मुले तेच पाणी पुढेही पीत राहतात. म्हणून शुद्धीकरणानंतरच्या प्रत्येक नमुन्याला भर घालून परताव्याची चाचणी सक्तीची करावी, असे माझे ठाम मत आहे, मग रोजचे नमुने कितीही असोत.

खुद्द इलेक्ट्रोडचे दोष थोडक्यात सांगतो, कारण ते सोपे आहेत. एक मिलिव्होल्टची चूक म्हणजे चार टक्क्यांची चूक, त्यामुळे स्टररच्या तापलेल्या तबकडीमुळे बीकर दोन अंशांनी गरम झाला तरी फरक पडतो. मध्ये थर्माकोलचा तुकडा ठेवावा. स्फटिकाखाली अडकलेला बुडबुडा वाचन भटकवतो, म्हणून इलेक्ट्रोड किंचित तिरका बुडवावा. जास्त संहतीकडून कमीकडे येऊ नये. शुद्ध पाण्यातले वाचन रोज नोंदवावे, ते पूर्वीच्या पातळीवर पोचत नसेल तरच स्फटिक घासण्याचा विचार करावा. काचेची भांडी टाळावीत, पॉलिथिलीन वापरावे.

जैविक नमुन्यांत अडचण बहुधा वेगळी असते. लघवीत फ्लोराइड पुरेसे असते आणि समभाग टायसॅबने ते चांगले मोजले जाते. रक्तद्रवात मात्र आयनरूप फ्लोराइड लिटरला एकदोन शतांश मिलिग्रॅम इतकेच असते, म्हणजे इलेक्ट्रोडच्या तळाशीच. तिथे टेव्ह्जची १९६८ ची विसरण पद्धत वापरावी. तीत हेक्झामिथिलडायसिलोक्झेनने संपृक्त केलेल्या आम्लात नमुना झाकलेल्या प्लास्टिक बशीत रात्रभर ठेवतात आणि सुटलेले फ्लोराइड झाकणाच्या आतल्या कॉस्टिकच्या थेंबांत गोळा होते. या पद्धतीत ॲल्युमिनियम मागेच राहते, हा तिचा मोठा गुण आहे. नमुना घेताना एक चूक मी प्रत्यक्ष पाहिली आहे. रक्त राखाडी टोपीच्या नळीत आले होते. ती नळी साखर तपासण्यासाठी असते आणि तिच्यात सोडियम फ्लोराइड घातलेलेच असते. असा नमुना वाचवता येत नाही. चहाचे झाड फ्लोराइड आणि ॲल्युमिनियम दोन्ही साठवते, त्यामुळे चहाच्या अर्कावर वर सांगितलेली सगळी खडकाची दक्षता लागू होते.

इतर हॅलोजनांसाठी इलेक्ट्रोड सोडून आयसीपी-एमएसकडे (आर्गॉनच्या प्लाझ्मात आयन बनवून ते वस्तुमानानुसार मोजणारे यंत्र) वळणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की फ्लोरिनची पहिली आयनीकरण ऊर्जा १७.४ इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे आणि आर्गॉनची १५.८, म्हणून आर्गॉनच्या प्लाझ्मात फ्लोरिनचे धन आयन जेमतेम बनतात आणि ते यंत्र या कामाचे नाही. ब्रोमिन आणि आयोडीन त्यावर मोजता येतात, पण आयोडीनचे द्रावण आम्लात ठेवले तर ते उडते आणि नळ्यांना चिकटून पुढच्या नमुन्यात उतरते. त्यासाठी टेट्रामिथिल अमोनियम हायड्रॉक्साइडसारखे अल्कली माध्यम ठेवावे आणि धुण्याचे द्रावणही अल्कलीच असावे. खडकातले सगळे हॅलोजन एकाच वेळी हवे असतील तर पायरोहायड्रोलिसिस सर्वांत सुटसुटीत पडते. ११०० अंशांच्या आसपास व्हॅनेडियम पेंटॉक्साइडसोबत नमुना तापवून त्यावरून वाफ नेली की हॅलोजन कॉस्टिकच्या सापळ्यात येतात आणि ॲल्युमिनियम नळीतच राहते. मग फ्लोराइड व क्लोराइड आयन क्रोमॅटोग्राफीवर मोजता येतात.

राहिला प्रश्न आधी दिलेल्या आकड्यांचा. गाळलेली द्रावणे पॉलिथिलीनच्या घट्ट बाटल्यांत ठेवलेली असतील तर, आणि सामू वरच्या बाजूला चुकला असेल तर, ती सिट्रेट बफरमध्ये पुन्हा मोजून सुधारता येतात, कारण फ्लोराइड द्रावणातच असते. सामू खाली घसरलेल्यांची मात्र पूड पुन्हा वितळवावी लागते. आम्ही वहीतल्या सामूच्या नोंदी पाहून नमुने या दोन ढिगांत वेगळे केले आणि ज्यांच्यासमोर सामूची नोंदच नव्हती ते सगळे दुसऱ्या ढिगात टाकले. तेव्हापासून प्रत्येक मुशीच्या क्रमांकासमोर गाळण्याच्या क्षणीचा सामू आणि भरीचा परतावा हे दोन रकाने भरल्याशिवाय फ्लोराइडचा रकाना भरला जात नाही.